गवतात परतलेले बारशिंगे

जबलपूरहून निघालेली गाडी बरेला, मंडला, चिरईडोंगरी असं करत सुमारे १६० किलोमीटरवर खटियाच्या फाटकाशी पोचते. आत कान्हा राष्ट्रीय उद्यान. बहुतेक पाहुण्यांच्या डोळ्यांत वाघच असतो. पण थंडीच्या सकाळी सालवनाच्या कडेला, दवानं ओल्या कुरणात जीप थांबली, की आधी कानावर येतो एक लांबलेला, घोगरा हाकारा. मग दिसतो बारशिंगा नर. तो मान खाली घालून शिंगं गवतात खुपसतो, हिसका देतो आणि डोकं वर करतो, तेव्हा शिंगांवरून ओलं गवत लोंबत असतं. माजावर आलेला नर असा मुकुट बांधून माद्यांसमोर फिरतो. इथले लोक नराला गोइंजक म्हणतात आणि मादीला गाओनी.

नाव बारशिंगा असलं, तरी डोक्यावर शिंगं दोनच. त्यांना फुटलेली टोकं मात्र सहसा दहा ते चौदा. भारतात या हरणाच्या तीन उपजाती आहेत. तराईतला आणि आसामातला बारशिंगा दलदलीत वावरतो, त्याचे खूर पसरट असतात. कान्ह्यातला कठीण जमिनीवर राहतो, म्हणून त्याचे खूर आवळलेले आणि टणक. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘ब्रँडेरी’ हे मध्य प्रांतातले वनाधिकारी डनबर ब्रँडर यांच्यावरून आलं.

१९३८ च्या गणतीत कान्हा परिसरात सुमारे ३,००० बारशिंगे होते. १९७० मध्ये उरले ६६. या उपजातीचा दुसरा रानटी कळप जगात कुठेच नव्हता. एखादी साथ, एखादा वाईट पावसाळा आला असता, तर तेवढ्यावर सगळं संपलं असतं.

शिकार झाली होतीच, पण घाव त्याहून खोल होता. बारशिंगा जवळजवळ निव्वळ गवतावर जगतो. चितळासारखा पाल्यावर निभावून नेत नाही. पावसाळा सरता सरता मादी विते आणि पाडस उंच गवतात दडवून चरायला जाते. गुरांनी गवत खुरटून टाकलं, वणव्यांनी जाळलं, की पाडसाचा आडोसाच गेला. १९६३ ते ६५ या काळात जॉर्ज शॅलर यांनी कान्ह्यात राहून हरणं आणि वाघ यांचा अभ्यास केला. पुढे स्वित्झर्लंडचे क्लॉड मार्टिन यांनी बारशिंग्यावरच काम केलं. मंडल्याचे तेव्हाचे जिल्हाधिकारी एम. के. रणजितसिंह यांनी या प्राण्यासाठी नेट लावला. आसामातल्या उपजातीला पुढे त्यांचंच नाव मिळालं.

उपाय दोन झाले. वाघ शिरणार नाही असं कुंपण घालून काही बारशिंगे आत वाढवले आणि नंतर मोकळ्या रानात सोडले. दुसरा उपाय गवताचा. उद्यानातली गावं टप्प्याटप्प्यानं बाहेर हलवली गेली. सोंफ गावाची शेतं होती तिथं आज सोंफचं मैदान आहे, आणि गवत कमरेला लागतं. ही जमीन गोंड आणि बैगा कुटुंबांनी सोडली आहे. बारशिंग्याच्या पुनरागमनाचा हिशोब मांडताना त्यांनी मोजलेली किंमत आधी लिहायला हवी.

याच कहाणीचं भावंड पश्चिम आफ्रिकेत सापडतं. नायजर देशात १९९६ मध्ये पश्चिम आफ्रिकी जिराफ अवघे ४९ उरले होते. राजधानी नियामेजवळच्या कुरे भागात ते शेतांमधून, वस्त्यांच्या कडेनं फिरत. तिथं गावं हलली नाहीत. गावकऱ्यांनाच राखणदार करून घेतलं गेलं. जिराफ ६०० च्या वर गेले. मग २०१८ मध्ये आठ जिराफ ट्रकनं गादाबेजी राखीव क्षेत्रात नेले, कारण सगळे एकाच जागी असणं धोक्याचं.

कान्ह्यालाही तेच कळलं होतं. २०१५ पासून बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले गेले. पकडण्याची ‘बोमा’ पद्धत आफ्रिकेतलीच. कुरणात कापडी भिंतींचं मोठं नरसाळं उभारतात. रुंद तोंडातून कळप हलकेच आत वळवतात आणि निमुळत्या टोकाला ट्रक लावलेला असतो. भिंतीपलीकडचं दिसत नसल्यानं प्राणी धडका देत नाही. हरणाला ही काळजी लागतेच, कारण ते फार घाबरलं तर पकडल्यावर स्नायू निकामी होऊनही मरतं.

म्हणूनच या कामात बंदूकवाल्या शिकाऱ्याच्या जागी आता पशुवैद्य दिसतो. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात वन्यप्राण्यांचं आरोग्य आणि न्यायवैद्यक शिकवणारा स्वतंत्र विभाग आहे. गावातल्या गुरांचा रोग रानातल्या कळपात शिरतो का, मेलेला प्राणी कशानं मेला, हे प्रश्न तिथं रोजचे आहेत.

सातपुड्यानंतर, मार्च २०२३ मध्ये कान्ह्यातल्या बारशिंग्यांची पहिली तुकडी बांधवगड व्याघ्र प्रकल्पात पोचली. तिथंही त्यांना आधी कुंपणात ठेवलं. नव्या मातीतलं गवत ओळखीचं व्हावं आणि पहिली पाडसं तिथंच जन्मावीत, यासाठी.