पहिलं बी कुठून आलं?

आमच्या नाकाडोंगरीकडे पाऊस लागला की धानाचे पऱ्हे टाकतात. त्याचं बी मागच्या वर्षीच्या धानातलं. ते धान त्याच्या आधीच्या धानातून आलेलं. असं मागे मागे जात राहिलो तर? पृथ्वीवरचा अगदी पहिला जीव कुठून आला?

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. निदान ३५० कोटी वर्षांपूर्वी इथे सूक्ष्म जीव होते, असे जुने खडक सांगतात. पण निर्जीवातून जीव घडला कसा? १९५३ साली अमेरिकेत स्टॅन्ली मिलर या तरुणाने बंद काचपात्रात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेऊन विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत अमिनो आम्ले तयार झाली! आपल्या शरीरातली प्रथिने याच विटांची असतात. मात्र विटा मिळाल्या, घर उभे राहिले नाही.

काही शास्त्रज्ञ म्हणाले, जीव अंतराळातून आला असेल. आपले डॉ. जयंत नारळीकर नुसते बोलून थांबले नाहीत. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून भलेमोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणली गेली. २००५ च्या हवेत जीवाणू सापडले. त्यांतले तीन नवीन वाटले, एकाला आर्यभटाचे नावही मिळाले. तरीही ‘हे परग्रहावरचेच’ असं शास्त्रज्ञ म्हणाले नाहीत. आणि पुढे तो आर्यभटाच्या नावाचा जीवाणू जमिनीत, झाडांच्या मुळांशीही सापडला! पुरावा असेल तेवढंच बोलायचं, हे विज्ञान.

आता गंमत बघा. समजा, जीव खरंच बाहेरून आला. मग तिथे तो कसा सुरू झाला? प्रश्न सुटलाच नाही, त्याचं फक्त गाव बदललं! हे कळायला फुगा लागला नाही, विचार लागला. हे तत्त्वज्ञानाचं काम. ‘जिवंत’ कशाला म्हणायचं? मुंगी उगाच का चिरडू नये? हे दुर्बिणीतून दिसत नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तातही सृष्टी कशी झाली हे विचारून शेवटी प्रश्न मोकळाच ठेवला आहे.

घरी एक ऐकता, पुस्तकात दुसरंच वाचता, मग गोंधळता ना? घाबरू नका. आधी ठरवा, हा प्रश्न तपासून सुटेल की विचार करून? की दोन्ही लागतील? आणि पालकहो, मुलांना ‘गप्प बस’ म्हणू नका. ‘मलाही माहीत नाही, चल शोधू’ म्हणा.

या आठवड्यात करून बघा. धानाचे दहा दाणे घ्या. दुसरे दहा मोठ्यांच्या मदतीने उकळून घ्या. दोन्ही वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधून ठेवा. मोड कशाला आले? पाणी तर दोघांनाही सारखंच. मग उकळताना दाण्यातलं काय गेलं? तुमचं उत्तर वहीत लिहा आणि घरात वाचून दाखवा.