हाताला लागत नाही, म्हणजे कंप नाही?

गैरसमज : हात ठेवून पाहिला, काही जाणवलं नाही, मशीन ठणठणीत.

जळगावच्या डाळ मिलपासून धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या वर्कशॉपपर्यंत हे मी सतत ऐकतो. बेअरिंगवर तळहात टेकवायचा आणि सांगायचं, "भाऊ, काही नाही." मग ऐन हंगामात तेच बेअरिंग जाम होतं.

वस्तुस्थिती : तळहाताला २५० हर्ट्झच्या आसपासचा कंप सर्वांत बारीक कळतो, हे रोनाल्ड व्हेरिलो यांनी १९६३ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. हजार हर्ट्झच्या वर हाताला जवळपास काहीच कळत नाही. बेअरिंगमधला पहिला ओरखडा मात्र कित्येक हजार हर्ट्झवर उमटतो. शिवाय कंपावर ठेवलेला हात थोड्याच वेळात बधिर होतो. २०२२ पर्यंत लागू असलेल्या आयएसओ १०८१६-३ या मानकाप्रमाणे पक्क्या पायावरच्या, १५ ते ३०० किलोवॅटच्या मशीनच्या कंपाचा वेग सेकंदाला २.८ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर ती फार काळ तशीच चालवू नये. मिस्त्रींचा अनुभव मोलाचाच आहे, पण २.५ आणि ३ मधला फरक कोणता तळहात सांगेल?

लेझर किरणाने कंप मोजणारा व्हायब्रोमीटर सांगतो. कसा? पाचोऱ्याला न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर जवळ येताना चढा लागतो, लांब जाताना उतरलेला. प्रकाशाचंही तसंच. ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने हलणाऱ्या भागावरून परतला, की त्याची वारंवारता सुमारे ३,१६० हर्ट्झने बदलते. परतलेला किरण मूळ किरणात मिसळला, की तेवढाच फरक ठोक्यांच्या रूपात डिटेक्टरला मिळतो. सूतगिरणीतलं स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेतं. त्यावर सेन्सर चिकटवणार कुठे? किरण लांबूनच वाचतो.

आणखी काही गैरसमज :

- "लेझरने मशीन जळेल." पत्रा कापणारा लेझर हजारो वॅटचा असतो, मोजणारा लाल किरण साधारण १ मिलिवॅटचा. तरी त्यात रोखून पाहू नये.
- "मशीन बंद ठेवावी लागते." उलट, चालू मशीनचाच कंप मोजायचा असतो.
- "आता साधा सेन्सर बाद." नाही. जड मोटारीला तो पुरतो. हलक्या, तापलेल्या, फिरत्या भागाला लेझर लागतो.
- "लेझर चुकतच नाही." चुकतो. स्टँड हलला, तर तो हेलकावाही आकड्यात येतो.
- "कंप म्हणजे बिघाडच." डाळीची चाळणी चालते ती कंपावरच.

हात जरूर ठेवा. पण दर महिन्याला त्याच जागेवरचा आकडा, तारीख घालून, वहीत लिहा. दोन महिने सलग वाढला, तर हंगामाची वाट न पाहता बेअरिंग उघडा.