हप्ता परस्पर कापला जातो तेव्हा

पीककर्जातून विम्याचा हप्ता परस्पर कापला गेला, तर जळगाव-धुळ्याकडे किती जण पासबुक घेऊन बँकेत विचारायला जातात? इंग्लंडातही बँकांनी कर्जाबरोबर लाखोंच्या माथी विमा मारला. स्वतःचा धंदा असलेल्यालाही नोकरी गेल्याचा विमा! एप्रिल २०११ मध्ये लंडनच्या हायकोर्टात बँका हरल्या. मे महिन्यात लॉइड्स बँकेने आधी माघार घेतली, भरपाईसाठी ३२० कोटी पौंड बाजूला काढले. मग बाकीच्यांनीही अपिलाचा नाद सोडला. पुढे एकूण भरपाई ३,८०० कोटी पौंडांच्या आसपास गेली. पण मिळाली मुख्यतः अर्ज करणाऱ्यांना, आणि ती मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली.

आपल्याकडे २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही पीकविमा ऐच्छिक आहे. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या निदान सात दिवस आधी बँकेत लेखी द्या, पोच घ्या.