दोन क्लोजर एकच आहेत का?

आता तुलनेकडे येऊ. बटणावर लावलेलं कॉलबॅक काढायचं, तर नेमकं कोणतं हे ओळखावं लागतं ना?

लेखा-मेंढाच्या ग्रामसभेला 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळालं, हे गडचिरोलीत वेगळं सांगायला नको. परवान्याचा छापील नमुना म्हणजे फंक्शनचा कोड. त्यात भरलेला मजकूर म्हणजे क्लोजरनं धरून ठेवलेली मूल्यं. तुलना दोन्हींची हवी. सी-शार्पचा डेलिगेट तसंच करतो: मेथड तीच का, आणि ऑब्जेक्टही तोच का.

जेनेरिक फंक्शन आलं की घोळ सुरू. रस्टचा कंपायलर प्रत्येक टाइपसाठी कोडची वेगळी प्रत काढतो. कधी एकाच फंक्शनच्या दोन प्रती निघतात, पत्ते वेगळे. कधी उलटं: दोन वेगळ्या फंक्शनांचा कोड हुबेहूब निघाला, तर ऑप्टिमायझर त्या प्रती एकत्र करतो, पत्ता एकच. म्हणजे पत्त्यावरची तुलना दोन्हीकडून फसते. बरं, दोन फंक्शनं प्रत्येक इनपुटला सारखंच उत्तर देतात का, हे सर्वसाधारणपणे कुठलाच प्रोग्राम ठरवू शकत नाही.

गो भाषेनं म्हणून सरळ नकार दिलाय: फंक्शनची तुलना फक्त निलशी. मला हे पटतं. कॉलबॅक नोंदवतानाच त्याला क्रमांक द्या, परवान्याला असतो तसा, आणि काढताना तोच सांगा.