कोयता एक, माणसे दोन
ऊसतोड महिला कामगार आणि आंतरराष्ट्रीय कायदा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसरा उलटला की मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलुपे दिसू लागतात. बीड, जालना आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून टोळ्या निघतात. ट्रकमध्ये पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते आणि लेकरे असतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडाशेजारी, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. या टोळ्यांत बाया गड्यांच्या बरोबरीने असतात. पण त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याचा आधार घेता येईल असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसतो. जिनिव्हाच्या कागदांचा फडाशी काय संबंध? हा प्रश्न ज्या समजुतींतून येतो, त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : आंतरराष्ट्रीय कायदा परदेशात कामाला गेलेल्यांसाठी असतो.

वस्तुस्थिती : एका करारापुरते हे खरे आहे. स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार देशाची सीमा ओलांडणाऱ्यांसाठीच आहे, आणि भारत त्यात सामीलही नाही. पण तो एकमेव करार नव्हे. महिलांवरील भेदभाव संपवण्यासाठीचा 'सीडॉ' करार १९७९ मध्ये संमत झाला आणि भारताने ९ जुलै १९९३ रोजी त्याला मान्यता दिली. त्यातले ११ वे कलम रोजगाराविषयी, १२ वे आरोग्याविषयी आणि १४ वे खास ग्रामीण स्त्रियांविषयी आहे. बाई कोणती सीमा ओलांडून आली, हे त्यात कुठेच विचारलेले नाही.

आपला देशातला कायदा मात्र ते विचारतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा कर्नाटकात जाणाऱ्या टोळीकडे पाहत असे, कोल्हापूरला जाणारी टोळी त्यात बसत नसे. नव्या श्रमसंहितेतल्या व्याख्येतही 'दुसऱ्या राज्यात काम' ही अट कायम आहे. घर तितकेच दूर आणि काम तेच, तरी संरक्षण वेगळे. ही फट दाखवून देण्यासाठी करारातल्या सरसकट हमीचा आधार घेता येतो.

गैरसमज २ : बाई नवऱ्यासोबत जाते, कामगार तो असतो.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ 'कोयता' या शब्दात आहे. फडात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, हिशोब टनावर होतो तोही जोडीचा, आणि पैसे सहसा नवऱ्याच्या हातात पडतात. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. त्याआधी आणि त्यानंतर कोपीवरचा स्वयंपाक, पाणी, सरपणही तिच्याकडेच. तरीही हिशोबाच्या वहीत तिचे नाव नसते.

समान मूल्याच्या कामाला समान मोबदला देण्याचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार भारताने १९५८ मध्येच स्वीकारला आहे. सीडॉचे १४ वे कलम तर पैशात मोजले न जाणारे ग्रामीण स्त्रियांचे कामही विचारात घ्यायला सांगते. या मापाने पाहिले तर कोयत्यातल्या दोघांपैकी एक कामगार बाई आहे. ओळखपत्र, विमा, नुकसानभरपाई या साऱ्यांवर तिचा स्वतःचा हक्क पोहोचतो.

गैरसमज ३ : संसदेने कायदा केल्याशिवाय अशा करारांना न्यायालयात किंमत नाही.

वस्तुस्थिती : हे अर्धसत्य आहे. करार आपोआप देशाचा कायदा होत नाही आणि संसदेचा कायदा उलटा असेल तर न्यायालय तोच मानते. पण जिथे कायदा गप्प आहे, तिथे करार बोलतो. १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. तेव्हा त्या विषयावर देशात स्वतंत्र कायदा नव्हता. तो २०१३ मध्ये आला.

ऊसतोड बाईला याहून जवळचा निकाल ८ मार्च २००० चा आहे. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर राबणाऱ्या बायांनी प्रसूती लाभ मागितला होता आणि पालिका तो फक्त कायम कर्मचाऱ्यांपुरता ठेवू पाहत होती. सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचे ११ वे कलम या बायांच्या नोकरीच्या करारातच अंतर्भूत धरले आणि लाभ मिळवून दिला. रोजंदारीवरच्या बाईपर्यंत आंतरराष्ट्रीय करार असा येऊन पोहोचला.

गैरसमज ४ : उचल घेतली ना? मग फिटेपर्यंत मुकादम म्हणेल तसे राबावेच लागेल.

वस्तुस्थिती : उचल घेणे म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण उचलीच्या जोरावर काम सोडू न देणे, दुसरीकडे जाऊ न देणे किंवा फुकापासरी राबवून घेणे ही वेठबिगारी आहे. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार भारताने १९५४ मध्ये मान्य केला, घटनेचे २३ वे कलम तेच सांगते आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली. एशियाड बांधकाम मजुरांच्या १९८२ च्या निकालात तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले कामही सक्तीचे श्रम ठरले. सक्ती सिद्ध झाली की ती उचलीपोटीच होती असे धरले जाईल आणि तसे नव्हते हे मालकाने दाखवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले.

गैरसमज ५ : पिशवी काढली ती तिच्या मर्जीने. त्यात मानवी हक्क कुठून आला?

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

यातली 'मर्जी' कशी घडते ते पाहावे लागेल. फडाजवळ संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी चुकत नाही. एक दिवस घरी राहिले तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो. अंगावर जाण्याच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीला साधी औषधे असतात. पण 'पुढे कॅन्सर होईल' अशी भीती कानावर पडली की उचलीच्या ओझ्याखालची बाई पिशवी काढून मोकळी होते. कमी वयात झालेल्या या शस्त्रक्रियेनंतर कंबरदुखी आणि अशक्तपणा घेऊन ती पुन्हा फडातच उभी राहते.

सीडॉ करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९९९ मध्येच म्हटले आहे की उपचाराला दिलेली संमती पूर्ण माहिती घेऊन आणि दबावाशिवाय दिलेली हवी. ५ एप्रिल २०२३ रोजी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात असा आदेश दिला.

गैरसमज ६ : थेट संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली की काम झाले.

वस्तुस्थिती : सीडॉ समितीकडे व्यक्तिगत तक्रार करायची तर देशाने त्या कराराचा जोड-करार स्वीकारलेला लागतो. भारताने तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे ते दार बंद आहे. दोन दारे उघडी आहेत. एक, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना कोणत्याही देशाबद्दल लिहिता येते आणि ते सरकारकडे खुलासा मागतात. दोन, देशाचा अहवाल समितीपुढे येतो तेव्हा महिला संघटना स्वतःचा पर्यायी अहवाल देऊ शकतात. यातून हाती भरपाई पडत नाही. सरकारला जगासमोर उत्तर मात्र द्यावे लागते.

गैरसमज ७ : यासाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागते.

वस्तुस्थिती : मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात १९८१ पासून चालते, बीड, जालना, परभणी याच खंडपीठाकडे येतात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच आहे, म्हणजे गाव आणि फड या दोन्ही टोकांना आता न्यायालय आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा क्रमांक १५१००. लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत करता येते, आरोप मुकादमावर असला तरी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे मराठीतून तक्रार चालते. घटनेला वर्ष व्हायच्या आत ती करावी.

मात्र यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : ही बाई तिथे कामाला होती याचा पुरावा काय? म्हणून निघण्याआधी उचलीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढावा, वजनाच्या पावत्या जपाव्यात, दवाखान्याची फाइल तिथेच सोडून येऊ नये. आणि मुकादमाच्या वहीत 'कोयता १' लिहिले जात असेल, तर त्यापुढे दोन नावे लिहून घ्यावीत. त्यातले दुसरे नाव वहीत आले, की वर सांगितलेल्या कलमांतले हक्क तिच्या नावाने मागता येतात.