मंद आचेवरचे मटण आणि कामावर जाणारी बाई

माझी पुतणी अमेरिकेत नोकरी करते. एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी भावाच्याच घरी बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. आमच्या वहिनींनी कोणतीही आई विचारते तोच प्रश्न विचारला, "जेवायला काय केलंस गं?"

पुतणी म्हणाली, "काल डुकराचं मटण केलं होतं, गोड आणि खारट. परवा रात्री मसाला लावून ठेवला, काल सकाळी आठला पॉटमध्ये टाकलं आणि दिवसभराच्या कामाला बाहेर पडले. संध्याकाळी सहाला आले तर मऊ शिजून तयार!"

वहिनींनी चटकन फोनचा आवाज कमी केला. दारात शेजारीण उभी होती. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, नुसतं मटण म्हण ना!"

पलीकडून पोरगी हसली. मी मात्र हसू शकलो नाही. कारण ऑफिसात डबा उघडल्यावर मीही कित्येक वर्षे "मटण आहे" एवढेच सांगत आलो होतो. कशाचे, ते सांगितले नव्हते. घरी आल्यावर दोन प्रश्न डोक्यात राहिले. घरात कोणी नसताना मटण शिजते कसे? आणि आपण आवाज कमी का करतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दुसऱ्याचेही थोडेफार सापडले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

हे भांडे आहे तरी कसे?

याला 'स्लो कुकर' म्हणतात. आत चिनीमातीचे जाड भांडे, त्याभोवती विजेची तार असलेले कवच आणि वर काचेचे झाकण. आपल्या प्रेशर कुकरच्या अगदी उलट स्वभावाचे हे यंत्र. प्रेशर कुकर वाफ कोंडून १०० अंशांच्या वर जातो आणि काम उरकतो. हे भांडे उकळीच्या आतबाहेर राहून आठ-दहा तास शांतपणे शिजवते. याला शिट्टी नाही, त्यामुळे शेजारी बसून मोजायचे काही नाही.

दिवसभर वीज चालू म्हटल्यावर वहिनींना बिलाची धास्ती वाटली. त्यांना मी हिशेब करून दाखवला. पाच-सहा लिटरचे भांडे साधारण २५० वॅटचे असते. ८ तास चालले तर २५० गुणिले ८ म्हणजे २००० वॅट-तास, म्हणजे २ युनिट. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घ्या, दोनाने गुणा, खर्च तुमच्यासमोर येईल.

एका गरीब घरातली आठवण

हे यंत्र काढणारा माणूस आयर्विंग नॅक्सन. १९०२ साली अमेरिकेत ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याची आई लहानपणी लिथुआनियातील विल्ना गावी राहत असे. ज्यू लोकांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत काम करायचे नाही, चूलही पेटवायची नाही, असा धर्मनियम आहे. मग शनिवारी गरम जेवण कुठून आणायचे? तर शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी कडधान्य, बटाटे आणि जमल्यास मांसाचा तुकडा मडक्यात भरून ते गल्लीतल्या भटारखान्यात नेऊन ठेवायचे. भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई आणि तेवढ्या उरलेल्या उष्णतेवर मडके शिजे. या पदार्थाला 'चोलंट' म्हणतात.

आईने सांगितलेली ही आठवण नॅक्सनने विजेच्या तारेत गुंफली. १९४० साली त्याला पेटंट मिळाले. बरीच वर्षे हे भांडे लहान उपाहारगृहांत घेवडा-राजमा शिजवण्यापुरतेच राहिले. १९७० साली कान्सास सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने भांडे घराघरांत विकायला काढले. त्या दशकात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी भरून ठेवायचे आणि संध्याकाळी वाढायचे, हे त्यांना फार सोयीचे पडले.

गंमत अशी की ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध. आणि त्यांच्याच मडक्यापासून निघालेल्या या भांड्यात आज अमेरिकेत सर्रास डुकराचे मांस शिजते. भांड्याला जात-धर्म कळत नाही, तो माणूसच चिकटवतो.

गोडवा कुठून आला?

डुकराचा जाड तुकडा तासन् तास मंद धगीवर शिजवण्याची विद्या अमेरिकेत यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत जमिनीत चर खणून, निखाऱ्यांवर अख्खे डुक्कर रात्रभर भाजण्याचे काम गुलाम म्हणून राबवलेले काळे लोक करत. मालकाच्या ताटात पाठीचा मऊ भाग जाई. राबणाऱ्यांच्या वाट्याला पाय, मान, आतडी असे चिवट आणि टाकाऊ समजलेले भाग येत. त्यांनी वेळ, आंबट आणि तिखट यांच्या बळावर त्यालाच चव आणली. ज्यांच्या चळवळीतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्या समाजाची ही पाकविद्या आहे.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पुढे हे लोक पोटापाण्यासाठी शहरांकडे निघाले तेव्हा ही विद्याही सोबत गेली. टेनेसीहून आलेले हेन्री पेरी नावाचे काळे गृहस्थ १९०८ च्या सुमारास कान्सास सिटीत निखाऱ्यावर शिजवलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकू लागले. त्या शहराच्या या प्रसिद्ध पदार्थाचे जनक म्हणून आज त्यांचेच नाव घेतात. पेरींचा रस्सा तिखटजाळ होता. १९४० मध्ये ते वारले. पुढे त्यांच्या परंपरेतले आर्थर ब्रायंट यांनी तो सौम्य आणि गोडसर केला. काकवी, व्हिनेगर आणि टोमॅटो यांचा दाट गोड रस्सा ही पुढे कान्सास सिटीची ओळख झाली.

विजेचे ते भांडेही त्याच शहरातल्या कंपनीने विकले. दोन गरीब समाजांचे शहाणपण असे एका भांड्यात आले. एकाकडून मंद आच आली, दुसऱ्याकडून चिवट मांस मऊ करण्याची हातोटी.

खांदाच का घ्यायचा?

महाग ते चांगले, असे आपल्याला वाटते. इथे उलटे आहे. डुकराच्या पाठीचे मांस महाग, पण त्यात चरबी कमी. ते आठ तास शिजवले तर भुशासारखे कोरडे होते. खांद्याचा भाग स्वस्त आणि चिवट. जनावर चालते तेव्हा खांद्याला काम पडते, म्हणून तिथे पांढऱ्या चिवट ऊती जास्त असतात. त्यात कोलॅजन असते. साधारण ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होते. पायाच्या रश्श्याने बोटे चिकटतात ना, ते हेच जिलेटिन. आतले तापमान ९० ते ९५ अंशांवर पोचले की खांद्याचे मांस काट्याने ओढताच सुटते. म्हणून स्वस्त तुकडा आणि भरपूर वेळ ही जोडी जमते. आपल्या आया-आज्या मुंडी-पाया रात्रभर चुलीच्या वैलावर ठेवत, त्यामागचे शास्त्रही हेच.

पुतणीने सांगितलेली कृती

*साहित्य :* डुकराच्या खांद्याचा दीड किलोचा तुकडा, २ कांदे, ८-१० लसूण पाकळ्या, अर्धी वाटी ब्राऊन शुगर (काकवी मिसळलेली साखर), पाव वाटी व्हिनेगर, पाव वाटी सोया सॉस, १ चमचा मोहरीची पूड, १ चमचा मिरपूड, चवीपुरते तिखट. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ बेताने.

*कृती :* आदल्या रात्री मांसाला मीठ, मिरपूड, मोहरीपूड आणि तिखट चोळून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी तव्यावर थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी तांबूस परतावे. भांड्याच्या तळाशी कांद्याच्या चकत्या आणि लसूण पसरून वर मांस ठेवावे. साखर, व्हिनेगर आणि सोया सॉस एकत्र करून ओतावे. पाणी घालू नये, मांसाला आपले पाणी सुटते. भांडे अर्धे ते दोन तृतीयांश भरलेले असावे. कमी आचेवर ८ ते १० तास किंवा जास्त आचेवर ५ ते ६ तास ठेवावे.

मध्ये झाकण उघडून पाहू नये. एकदा उघडले की कोंडलेली उष्णता जाते आणि शिजणे वीस-तीस मिनिटांनी लांबते. शिजल्यावर मांस बाहेर काढून दोन काट्यांनी सोडवावे. रश्श्यावरची चरबी काढून टाकावी, रस्सा पातेल्यात उकळून दाट करावा आणि मांसावर घालावा.

वीज गेली तर?

हा प्रश्न आपल्याकडचा खरा. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. आपण कामावर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळले नाही, तर पुन्हा गरम करून ते अन्न खाऊ नये, टाकून द्यावे. जिवापेक्षा मटण महाग नाही. बर्फात गोठलेले मांस थेट भांड्यात टाकू नये, फ्रिजमध्ये पूर्ण विरघळू द्यावे. राजमा करायचा असेल तर भिजवून, ते पाणी टाकून, आधी चुलीवर दहा मिनिटे खळखळून उकळावा. कच्च्या राजम्यातले विष मंद आचेवर जात नाही.

आणखी एक. अमेरिकेतली वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडचे यंत्र कोणी भेट आणले तर इथल्या प्लगमध्ये थेट लावू नका, जळेल.

जंत, फिट आणि गैरसमज

डुकराच्या मांसाविषयी भीती आहे, आणि तिला काही आधारही आहे. उकिरड्यावर आणि उघड्या हागणदारीत फिरणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या गाठी असू शकतात. त्या साबुदाण्यासारख्या पांढरट दिसतात. असे मांस घेऊ नये. गोठ्यात पाळलेल्या, तपासलेल्या जनावराचेच घ्यावे आणि पूर्ण शिजवावे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून अख्ख्या तुकड्यासाठी आत किमान ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटे विसावा, तर खिम्यासाठी ७१ अंश हे प्रमाण ठरवले आहे. आपला खांदा तर ९० च्या पुढे जातो.

परंतु एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कच्चे राहिलेले रोगट मांस खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात जंत होतो. मेंदूत गाठी होऊन फिट येते, ती मात्र या जंताच्या अंड्यांमुळे. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून न धुतलेल्या हातांवर, पाण्यात, कच्च्या भाजीवर येतात. म्हणून ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही, त्यालाही हा आजार होतो. दोष संडास आणि स्वच्छ पाणी नसण्याचा आहे. तो एखाद्या वस्तीच्या ताटावर ढकलून मोकळे होणे हा अन्याय आहे.

आपल्या घरात कसे करावे?

आपल्या सगळ्यांच्याच घरी डुकराचे मटण होते असे नाही. आपल्यात ते न खाणारीही पुष्कळ घरे आहेत, आणि खाणे न खाणे ज्याच्या त्याच्या मर्जीचे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मात्र सोरपोतेल आणि विंदालू सणासमारंभाला मानाने वाढतात. तिथे कोणी आवाज कमी करत नाही.

या कृतीसाठी नवे यंत्र घ्यायलाच हवे असेही नाही. एक किलो खांद्याचे मुठीएवढे तुकडे करावेत. परतून, कांदा-लसूण, तिखट, मीठ, पाव वाटी चिंचेचा कोळ आणि दीड वाटी पाणी घालून कुकरला लावावेत. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून ४० ते ४५ मिनिटे ठेवावे. गूळ आधी घालू नये, तळाला लागून करपतो. कुकरची वाफ जिरल्यावर चरबी काढून रश्श्यात पाव ते अर्धी वाटी गूळ घालावा, दाट होईपर्यंत उकळावा आणि सोडवलेले मांस त्यात घोळवावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे झकास लागते.

मागच्या महिन्यात वहिनींनी तसेच केले. वास दरवळला तशी तीच शेजारीण दारात आली. "काय शिजवताय ताई? कुकर कधीचा लावलाय!"

वहिनी क्षणभर थांबल्या. माझ्याकडे पाहिले. मग सरळ म्हणाल्या, "डुकराचं मटण आहे. लेकीनं सांगितलं तसं केलंय."

शेजारीण म्हणाली, "आम्ही नाही हो खात. पण गूळ घालून कसं काय करता?" आणि उंबऱ्यावर बसून तिने सगळी कृती ऐकली. जाताना म्हणाली, बोकडाच्या मटणाला गूळ चालेल का ते बघते.

इतकी वर्षे आम्ही ज्याला भीत होतो ते एवढेच होते. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. सहकाऱ्याने विचारले, "आज काय?" मीही काय आहे ते सांगितले.