हवेतल्या लहरी कुणाच्या?



एका बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी आम्हाला पेचात टाकलं. म्हणाल्या, "तुम्ही पेरणीचं सांगता, बाळंतिणीच्या आहाराचं सांगता, ओव्या ऐकवता. मग ग्रामसभेत काय झालं, त्याची बातमी का देत नाही?" आम्ही म्हटलं, "मावशी, परवानगी नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "का? हवा काय कुणाच्या मालकीची आहे?"

हाच प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आज ती गोष्ट सांगतो.

इंग्रज सरकारने १८८५ साली तार कायदा केला. तारयंत्रणा उभारायचा आणि चालवायचा हक्क फक्त सरकारचा. दुसऱ्या कुणाला चालवायची तर सरकारी परवाना हवा. तेव्हा रेडिओ जन्मालाही आला नव्हता. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, आणि सगळे याच कायद्याच्या दावणीला बांधले गेले.

१९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कपचे सामने भरवले आणि ते टीव्हीवर दाखवायचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. सरकारने १८८५ च्या कायद्यावर बोट ठेवलं. वाद कोर्टात गेला.

९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्याच मराठी मुलखातल्या माणसाने. न्यायालय म्हणालं, हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. माहिती मिळवणं आणि माहिती देणं हा नागरिकांचा हक्क आहे. त्यामुळे या लहरींवर ना एकट्या सरकारची मक्तेदारी चालेल, ना पैसेवाल्या कंपन्यांची.

मग परवाना कशाला? लहरी मर्यादित असतात. शेजारशेजारची दोन केंद्रं एकाच लहरीवर बोलू लागली, तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून गावच्या पाटासारखं करावं लागतं: पाणी सगळ्यांचं, पण पाळी ठरलेली. ही पाळी लावायला सरकारपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक संस्था नेमा, असं न्यायालयाने सांगितलं. परवाने मात्र आजही सरकारच देतं.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ही सेवा देणाऱ्यांचे परवानेही त्याच १८८५ च्या कायद्याखालचे! २०२३ साली कुठे संसदेने त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा मंजूर केला.

आपल्यासारख्यांच्या हाती माइक यायला निकालानंतरही अकरा वर्षं गेली. २००२ साली आधी शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली. २००६ साली स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना मिळाली. पुढे २००८ साली तेलंगणात दलित बायकांनी चालवलेलं 'संघम रेडिओ' सुरू झालं.

पण अट राहिली: स्वतःच्या बातम्या आणि राजकीय घडामोडी द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या पुढे ऐकवता येतात. हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, पाणी-विजेची माहिती सांगता येते. म्हणजे नळाला पाणी किती वाजता येणार, हे आम्ही सांगू शकतो. ते आठ दिवस का आलं नाही आणि त्याला जबाबदार कोण, हे बातमी म्हणून सांगायला गेलं की अट आडवी येते. वर्तमानपत्राला जे छापता येतं, ते आम्हाला बोलता येत नाही. या बंदीविरुद्ध २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिकाही दाखल झाली.

तेव्हा मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: हवा सगळ्यांची आहे, असं देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने सांगून ठेवलंय. त्या हवेतून आपल्या गावाची बातमी सांगायचा हक्क अजून मिळायचाय. तोवर ग्रामसभेत काय झालं, हे कळायला एकच खात्रीचा मार्ग आहे. आपण सगळ्याजणी तिथे जाऊन बसू.